बुबुळाची जाडी, हत्तीची कातडी आणि आपला ‘बहु’

डोळ्यांतला दाब वाढलाय का ते बघायला माईला, म्हणजे माझ्या आईला, म्हापशाला नेलं होतं. आषाढातला दिवस, बाहेर पाऊस धो धो, आणि दवाखान्यात सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी फरशीवर. काउंटरवरच्या मुलीने तपासण्यांचा कागद हातात दिला. माई पेपर पहिल्या पानापासून श्रद्धांजलीच्या जाहिरातींपर्यंत वाचणारी. इंग्रजीही अक्षराला अक्षर लावून वाचते. तिने चष्मा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, ‘‘पाची-मेट्री.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘पाची बोटं मोजतात की काय?’’

‘‘पॅकीमेट्री, आजी,’’ मुलगी म्हणाली. ‘‘डोळ्याची जाडी मोजतात.’’

‘‘अगोबाई! माझे डोळे जाड झालेत?’’

मुलगी हसली, पण माईचा प्रश्न अगदी रास्त होता. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवतो. ‘पॅकी’ने सुरू होणारा एक शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नावात ‘जाड’ आहे म्हणजे कोणीतरी जाड झालंय का? आणि झालं असेल, तर कशाच्या मानाने?

आधी बुबुळाचं बघू. डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखा, एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. पॅकीमेट्री म्हणजे या पडद्याची जाडी मोजणं, एवढंच. माईच्या डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, तिला समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि पेनासारख्या यंत्राचं टोक पडद्याला अलगद टेकवलं. बीप, बीप, बीप. मिनिटभरात काम झालं. जाडी मोजतो तो आवाज मात्र आपल्या कानाला न ऐकू येणारा, सोनोग्राफीतला. तो पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूवरून परत येतो आणि त्या वेळेच्या फरकावरून जाडी निघते. कागदावर आकडे आले : उजवा ५०९, डावा ५१३.

हे मायक्रॉन. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, म्हणजे माईचा पडदा अर्ध्या मिलिमीटरचा. खिशातलं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, त्याहूनही हा पातळ. मोठ्या माणसांत पडद्याची मधली जाडी साधारण ५४०च्या आसपास असते, कडेला ती वाढत जाते. म्हणजे ‘पॅकी’ नावाच्या तपासणीत माई निघाली पातळ.

पण काचबिंदूचा डॉक्टर जाडी कशाला मोजतो? कारण दाब मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे त्या पडद्याचा मधला छोटासा गोल भाग हलकेच दाबून सपाट करायचा आणि त्याला किती जोर लागला ते वाचायचं. सायकलच्या ट्यूबमध्ये आणि स्कूटरच्या टायरमध्ये अगदी सारख्या दाबाची हवा भरा आणि दोन्ही अंगठ्याने दाबून बघा. टायर कडक लागेल. हवेमुळे नव्हे, रबर जाड म्हणून. डोळ्याचंही तसंच : पडदा जाड असला तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, पातळ असला तर कमी. पातळ बुबुळवाल्या माणसाचा आकडा ‘नॉर्मल’ येतो, तो खुशीत घरी जातो आणि आत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू झिजत राहते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात डोळ्यांचा दाब जास्त असलेल्या पण अजून काचबिंदू न झालेल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासलं होतं. ज्यांची जाडी ५५५ मायक्रॉन किंवा कमी, त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका ५८८पेक्षा जास्त जाडीवाल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. आकडा खोटा दिसणं एवढंच त्यामागचं कारण नसावं, पातळपणा हीच एक खूण असावी, असंही डॉक्टर मानतात. म्हणूनच ‘इतके मायक्रॉन कमी तर इतका दाब मिळवा’ असा हिशेब करून कोणी चांगला डॉक्टर थांबत नाही; नस बघतो, बाजूची नजर किती शाबूत आहे ते बघतो.

बोटीवर जायच्या तयारीतली आमच्याकडची पोरं चष्मा घालवायला लेसर करून घेतात, त्यांचीही ही तपासणी होते. लेसर म्हणजे हाच पडदा थोडा तासणं. तासल्यावर खाली निदान अडीचशे मायक्रॉनचा थर शिल्लक राहायला हवा, असा साधारण दंडक आहे. मुळातच पातळ असला तर डॉक्टर सरळ नाही म्हणतो, आणि त्या ‘नाही’चे आभार मानावेत.

आता शब्दाकडे येऊ. ‘पॅकी’ आला प्राचीन ग्रीकमधून. मूळ उच्चार ‘पाखुस’च्या जवळचा, अर्थ जाड. मधला ‘ख’ लॅटिन लिपीत दोन अक्षरांनी लिहिला गेला, आणि तीच दोन अक्षरं बघून माईने ‘च’ वाचला. केमिस्ट्री, कोलेस्टेरॉलमध्येही तीच अक्षरं आणि तोच ‘क’.

या पाखुसचा एक चुलत भाऊ आपल्या घरात आहे आणि आपण त्याला ओळखत नाही. संस्कृतचा ‘बहु’. बहुमत, बहुगुणी, बहुरूपी यांतला तोच. भाषेचे अभ्यासक दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळापासून आले असं मानतात. कानाला हे पटत नाही. पाखुस कुठे आणि बहु कुठे! पण मूळ रूपात दोन महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेली व्यंजनं, होते असं समजा : आधी ‘भ’सारखा, मग ‘घ’सारखा. लागोपाठ दोन महाप्राण आले की पहिल्यातला श्वास गळून पडतो, ही सवय ग्रीक आणि संस्कृत दोघींना. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘बभूव’ आठवेल. ‘भू’ची द्विरुक्ती असूनही आपण ‘भभूव’ म्हणत नाही. तसाच पहिला ‘भ’ झाला ‘ब’, ‘घ’चा राहिला ‘ह’ : बहु. ग्रीकमध्ये ‘भ’चा ‘फ’ आणि ‘घ’चा ‘ख’ होतो. त्यातल्या ‘फ’चा श्वास गेला आणि ‘प’ उरला : पाखुस. ‘सर्वांत जाड’ याला ग्रीकमध्ये पाखिस्तोस म्हणत, संस्कृतमध्ये बंहिष्ठ. शेजारी शेजारी ठेवा, नाक-डोळे सारखे दिसतात. हा नियम १८६३ साली मांडला हेरमान ग्रासमन याने. हा गृहस्थ जर्मनीत शाळामास्तर, गणितात आज मोठं नाव, आणि ऋग्वेदाचा शब्दकोश करणारा. मास्तरकीत जन्म घालवून एवढं करणाऱ्यांकडे बघून आम्हा मास्तरांना जरा खजील व्हायला होतं.

आपल्याकडे हा शब्द ‘पुष्कळ’ झाला आणि ग्रीकांकडे ‘जाड’ राहिला. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. पुष्कळ म्हणजे किती, याला उत्तर नसतं. कशापेक्षा, हे विचारावं लागतं. जाडचंही तेच. शरीरशास्त्रातल्या बऱ्याच ‘पॅकी’ शब्दांमागे एक पातळ शेजारी उभा असतो, आणि त्याच्याशी तुलना करूनच ते नाव पडलेलं असतं.

मेंदूभोवतीची आवरणं घ्या. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन बाहेरच्या आवरणाला ‘जाड आवरण’ म्हणे आणि आतल्याला ‘पातळ आवरण’. ग्रीकमध्ये पातळला शब्द ‘लेप्टोस’. त्यावरून आजही बाहेरचं ते पॅकीमेनिंक्स आणि आतली लेप्टोमेनिंजिस. बाहेरच्याचं रोजच्या वापरातलं नाव वेगळं, ड्युरा मेटर. ‘मेटर’ म्हणजे आई : एखादी वस्तू जिच्या कुशीत असते तिला आई म्हणायची ही अरबीची पद्धत, बाराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा सोबत आली. हे ‘जाड’ आवरण प्रत्यक्षात किती? मिलिमीटरभर, बऱ्याच ठिकाणी तेवढंही नाही. पण आतलं इतकं झिरझिरीत की त्याच्यापुढे हे म्हणजे ताडपत्री.

हीच ताडपत्री पुढे पाठीच्या कण्यातही उतरते. सिझेरियनच्या वेळी पाठीत जे इंजेक्शन देतात, त्याची सुई या ताडपत्रीला भोक पाडून आतल्या पाण्यापर्यंत जाते. एपिड्युरल म्हणतात त्यात ती बाहेरच थांबते. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं बाळंतपण झालं आणि तिसऱ्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की उठून बसलं की असह्य, आडवं झालं की जवळजवळ थांबे. एमआरआय झाला. रिपोर्टात वाक्य होतं ‘डिफ्यूज पॅकीमेनिंजियल एन्हान्समेंट’. नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, त्याला क्षयापासून कॅन्सरपर्यंत सगळं सापडलं, आणि रात्री साडेदहाला फोन आला, ‘‘सर, तुम्ही सायन्सचे, हे काय ते सांगा.’’

मी डॉक्टर नाही हे आधी सांगितलं. पण शब्दाची फोड करून सांगता येण्यासारखी होती. पॅकी-मेनिंजियल म्हणजे ते जाड नावाचं आवरण. ते जाड झालंय असं हा शब्द म्हणत नाही. एन्हान्समेंट म्हणजे शिरेतून दिलेलं औषध तिथे जास्त पोचल्याने ते आवरण चित्रात उजळ दिसलं. का उजळलं? कवटी म्हणजे झाकण बंद केलेला डबा. आत मेंदू, पाणी आणि रक्त, तिघांची मिळून जागा ठरलेली. भोकातून पाणी झिरपून कमी झालं की ती जागा रक्ताने भरते, आवरणातल्या शिरा फुगतात आणि चित्रात आवरण चमकतं. क्षयरोगाने वगैरे ते खरोखर सुजतं तेव्हाही ते चमकतंच, त्यामुळे गूगलचं अगदीच चुकलं नव्हतं. पण उठल्यावर दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं ही गळतीची खूण डॉक्टरांच्या लक्षात आली होती. दुसऱ्या दिवशी तिच्याच हातातलं थोडं रक्त काढून पाठीत त्या भोकाबाहेर सोडलं. रक्त गोठतं आणि ठिगळ बसतं. संध्याकाळी बाई उठून बसल्या.

आता तो पातळ शेजारी, लेप्टो. गोव्यात हा शब्द पावसाळ्यात सगळ्यांना माहीत असतो. उंदराच्या मुतातून चिखलात, भाताच्या शेतात साचलेल्या पाण्यात उतरणारा आणि पायाच्या चिरेतून अंगात शिरणारा लेप्टोस्पायरा. ‘लेप्टो’ म्हणजे पातळ, ‘स्पायरा’ म्हणजे वेटोळं. हा जंतू साधारण ०.१ मायक्रॉन जाडीचा. माईच्या बुबुळाच्या जाडीत असे पाच हजार आडवे बसतील. १९९४ मध्ये सापडलेल्या, पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचं नावही याच शब्दावरून. त्याच्या अभावी उंदीर भोपळ्यासारखे फुगत होते. परतताना गाडीत मी माईला हे सगळं सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं, आणि ते किती लक्ष देऊन ऐकलं ते मला नंतर कळलं.

फळ्यावरचा माझा शब्द पॅकिटीन. अकरावीची मुलं लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायाकायनेसिस ही माळ घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. स्त्रीबीज आणि शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची जी निम्मी वाटणी होते, तिच्या सुरुवातीचे हे टप्पे. ‘टीन’ म्हणजे फीत. १९०० साली फॉन विनिवार्टर सशाच्या बीजांडकोशाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. आधी त्याला बारीक फिती दिसल्या, पुढे जाड. जाड का? रापणीचा, म्हणजे मासे ओढायच्या जाळ्याचा, दोर वळताना बघितला असेल तर लगेच कळेल. दोन सुतं एकमेकांना चिकटून पीळ घेतात तेव्हा लांबून एकच जाड दोर दिसतो. इथेही आईकडून आलेलं गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेलं त्याचं जोडीदार या टप्प्यावर टोकापासून टोकापर्यंत चिकटलेले असतात. माल वाढलेला नसतो, जवळ आलेला असतो.

आणि एवढे जवळ आल्यावर ते एकमेकांचे तुकडे बदलून घेतात. मला या टप्प्यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. मुलीच्या शरीरात हा टप्पा तिच्या जन्माआधीच उरकतो. मग बीज डिप्लोटीनमध्ये वर्षानुवर्षं थांबून राहतं. म्हणजे माझ्या आजोबांची आणि आजीची गुणसूत्रं एकमेकांना बिलगून जी अदलाबदल करून गेली, ज्यामुळे नाक आजोबांचं आणि बाकी काही आजीचं अशी माझी घडण निघाली, ती अदलाबदल माई स्वतः आजीच्या पोटात असतानाच झाली होती. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबते.

हत्तीचं नाव अजून घेतलं नाही, आणि ‘पॅकी’ म्हटलं की वाचकांना पॅकीडर्म आधी आठवतो. पॅकी म्हणजे जाड, डर्म म्हणजे कातडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या कुव्हिए वगैरे प्राणिशास्त्रज्ञांनी हत्ती, गेंडा, पाणघोडा, डुक्कर असे जाड कातडीवाले एकाच गटात कोंबले. गट पुढे मोडला, कारण कातडीवरून नातं ठरत नाही. गेंडा घोड्याचा नातलग, पाणघोडा देवमाशाचा, आणि हत्ती समुद्रगाईचा. नाव तेवढं उरलं. मराठीत निगरगट्ट माणसाला गेंड्याची कातडी देतात; हत्तीला या बाबतीत आपण अधिक मानाने वागवलं.

२०२५ मध्ये सिंधुदुर्गातून ओंकार नावाचा हत्ती गोव्यातल्या पेडण्यात उतरला तेव्हा मोबाइलवर आलेल्या चित्रफिती सगळ्यांनी बघितल्या असतील. तो अंगावर चिखल उडवतो ती केवळ मजा नव्हे. पाठीवर वगैरे हत्तीची कातडी अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकते, पण कानामागे ती पातळ असते आणि अंगावर माशी बसलेली त्याला कळते. आफ्रिकी हत्तीच्या कातडीवर भेगांचं बारीक जाळं असतं. २०१८ साली संशोधकांनी दाखवलं की त्याचा वरचा मृत थर आपल्यासारखा झडत नाही, साचून जाड होत जातो आणि खालच्या उंचसखल भागावर वाकून तडकतो. या भेगांत सपाट कातडीच्या पाच ते दहा पट पाणी धरून राहतं, आणि घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसलेल्या त्या अवाढव्य देहाला त्यानेच गारवा मिळतो.

आपल्या कातडीचंही प्रमाण कमीजास्त असतंच. पापणीवर वरचा थर ०.०५ मिलिमीटर, तळपायावर दीड. नारळाच्या माडावर रोज चढणाऱ्या पाडेलीच्या तळव्याला हात लावून बघा. घासून घासून पडलेला तो घट्टा म्हणजे शरीराने केलेली तजवीज. त्याला कोणी ‘पॅकी’ म्हणत नाही. ‘पॅकी’ म्हणतात ते पॅकीओनिकिया कन्जेनिटा या जन्मजात आजाराला. ओनिक्स म्हणजे नख. १९०६ साली याचं पहिलं सविस्तर वर्णन झालं : नखं जाड आणि उचललेली, तळपायाला इतके दुखरे घट्टे की काही जणांना चालणं नको होतं. केराटिन हे पेशीला आतून ताठ ठेवणारं प्रथिन, म्हणजे मांडवाचे वासे. त्याच्या ठरावीक पाच जनुकांपैकी एकात दोष असतो. वासे कच्चे, म्हणून पेशी दाबाखाली फुटतात, म्हणून शरीर थरावर थर चढवत जातं. बाहेरून दिसते ती जाडी आणि मुळात आहे तो दुबळेपणा.

हा शब्द दिसला की एक काळजी घ्या. जाड, दाट आणि कडक यांची गल्लत नको. उकड्या तांदळाची पेज दाट होते, भाकरी जाड होते, आणि शिळी भाकरी कडक होते. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. ग्रीकमध्ये दाटला ‘पिक्नोस’ : मरणाऱ्या पेशीचं केंद्रक आकसून गर्द होतं त्याला पिक्नोसिस म्हणतात, म्हणजे तिथे वस्तू लहान होऊनही दाट होते. कडकला ‘स्क्लेरो’. पॅकीजायरियात मेंदूच्या वळ्या कमी आणि रुंद असतात, कारण गर्भात चेतापेशी आपल्या जागी पोचण्याआधीच वाटेत थांबलेल्या असतात. तिथे मेंदू ‘जाड’ आहे म्हणजे भरघोस आहे असं कोणी समजू नये. पॅकीसेफालोसॉरस डायनासोरची कवटी मात्र खरोखर वीतभर जाड. आणि नर्सरीत ‘मनी ट्री’ म्हणून विकतात त्या पचिराचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या स्थानिक भाषेतलं आहे.

घरी पोचलो तेव्हा पाऊस थोडा ओसरला होता. शेजारच्या काकी पडवीत आल्या, ‘‘काय म्हणाले डॉक्टर?’’

‘‘दाब ठीक आहे म्हणाले, पण सहा महिन्यांनी परत बोलावलंय,’’ माई पायरीवर चपला काढत म्हणाली. ‘‘बुबुळ पॅकी नाही माझं. लेप्टो आहे.’’

काकी दोन पावलं मागे सरकल्या. ‘‘लेप्टो? अगो, मग घरी कशाला आणली हिला? बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायची सोडून!’’